जपलेले शिकारी कुत्रे

शेजारच्या म्हाताऱ्या गृहस्थांनी ती सहा चित्रं माझ्या हातात दिली तेव्हा एवढंच सांगितलं, उन्हात ठेवू नकोस. बाकी कशाची त्यांना भीती नव्हती. आमच्या घराची नव्हती, माझी तर नव्हतीच. मला आता वाटतं, थोडी असायला हवी होती.

ती इंग्लंडात छापलेली शिकारी कुत्र्यांची जुनी चित्रं होती. तांब्याच्या पत्र्यावर चित्र कोरायचं, कोरलेल्या जागी शाई भरायची, तो पत्रा ओल्या कागदावर जोरानं दाबायचा, आणि छापून निघालेल्या चित्रात मग कुणीतरी बसून हातानं जलरंग भरायचे, अशी त्यांची रीत. एकात पॉइंटर, एकात सेटर, एकात फॉक्सहाउंडची जोडी. सशामागे धावणारे दोन ग्रेहाउंड. तोंडात बदक धरून पाण्याबाहेर येणारा स्पॅनियल. कोल्ह्याच्या बिळात डोकं खुपसलेला टेरियर, ज्याचा फक्त मागचा अर्धा भाग दिसतो. सगळ्यांच्या मागे तेच करडं आभाळ आणि दूरवर चर्चचं टोक.

अमेरिकेतल्या मॉरिसव्हिलमधल्या आमच्या रस्त्यावर बहुतेक घरं आमच्यासारख्या भारतीयांची. दारात चपलांचा ढीग, गराजमध्ये तांदळाची पोती. मधलं एक घर या गृहस्थांचं. ते इथे आले तेव्हा आजूबाजूला तंबाखूची शेतं होती म्हणे. बायको वारल्यावर ते एकटेच राहत. एकदा त्यांचा प्रिंटर चालेना म्हणून मी गेलो आणि प्रिंटर चालू करून निघताना त्यांनी विचारलं, तुला खरे प्रिंट बघायचेत का? त्या वाक्यावर ते स्वतःच बराच वेळ हसले. मग कपाटातून एक मोठा कापडी बांधणीचा फोल्डर काढला.

मी सॉफ्टवेअरमधला माणूस. पॉइंटर हा शब्द मी शिकलो तो कॉलेजात, प्रोग्रॅमिंगच्या तासाला. त्या नावाचा कुत्रा असतो हे त्या दिवशी कळलं. झुडपात पक्षी दिसला की हा कुत्रा एक पाय उचलून, नाक पुढे करून जागच्या जागी थिजतो. झडप घालत नाही, भुंकत नाही. धनी येईपर्यंत फक्त दाखवतो. मी म्हटलं, प्रोग्रॅमिंगमधला आमचा पॉइंटरही तेच करतो, कुठे काय आहे ते नुसतं दाखवतो. त्यांना ते फार आवडलं. पुढे मी भेटलो की विचारायचे, तुझे कुत्रे आज नीट वागले का?

ही चित्रं त्यांच्या बायकोच्या आजोबांची. तिनं ती कधी फ्रेम करू दिली नाहीत, भिंतीवर रंग उडतात म्हणून. दर रविवारी दुपारी चहा घेऊन दोघं जेवणाच्या टेबलाशी बसत, फोल्डर उघडत आणि सहाही चित्रं एकेक करून बघत. काही बोलायचं असेल तर बोलत. एका रविवारी तिच्या कपातला चहा सेटरच्या चित्राच्या खालच्या कोपऱ्यावर सांडला. डाग फिकट होता, पण कागद तिथे फुगला तो फुगलाच. लग्नाच्या इतक्या वर्षांत ती तेवढी एकदाच माझ्यासमोर रडली, असं ते सांगायचे.

माझी त्यांची ओळख झाली तोवर त्यांच्या डोळ्यांना मधोमध दिसेनासं झालं होतं. कडेकडेनं उजेड आणि हालचाल कळायची, पण समोर धरलेलं चित्र म्हणजे एक करडा डाग. तरी ते रविवारी फोल्डर उघडत. कागदावर हलकेच बोट ठेवायचे आणि पत्र्याची कड शोधायचे. पत्रा दाबून छापलेल्या चित्राभोवती कागदात एक चौकट खोल बसलेली असते. डोळ्यांना ती फारशी जाणवत नाही, बोटाला लगेच कळते. ती कड लागली की ते म्हणायचे, "आता मला कळलं मी कुठे आहे. इथून चार बोटं आत याचं शेपूट." आणि बरोबर शेपटावर बोट टेकवायचे. सेटर आला की कोपऱ्यातल्या फुगवट्यावर त्यांचा अंगठा जरा जास्त वेळ थांबायचा. तेव्हा मी दुसरीकडे बघायचो.

गेल्या वर्षी आई गेल्यावर मी बाबांना इथे आणलं. बाबा नगर जिल्ह्यातल्या एका शाळेत आयुष्यभर शिकवत होते. इथे सकाळी ते फिरायला निघत आणि शेजारचे गृहस्थ काठी घेऊन त्यांच्याबरोबर जात. बाबांचं इंग्रजी शाळेतल्या परिपाठाचं, गृहस्थांचं अमेरिकेच्या दक्षिणेकडचं, लांबण लावून बोललेलं. एकमेकांचं निम्मं त्यांना कळत नसावं. पण रस्त्याची कड आली की बाबा "स्टेप, सर" म्हणायचे, आणि ते बाबांना "टीचर" म्हणायचे.

यंदाच्या उन्हाळ्यात गृहस्थांना एकट्यानं राहणं जमेना. वीस मिनिटांवरच्या एका वृद्धाश्रमात त्यांनी खोली घेतली. खोलीला रंग लावायचा होता, सामान खोक्यांत होतं. "या गडबडीत कुणीतरी यांच्यावर टीव्ही ठेवील," असं म्हणून त्यांनी फोल्डर माझ्याकडे दिला. महिनाभर सांभाळ, मग आणून दे. "उरलेलं सगळं विकलं तरी चालेल," ते म्हणाले. "मला बघता येईल असं आता हे एवढंच आहे."

मी फोल्डर कपाटाच्या वरच्या फळीवर ठेवायला हवा होता. पण मला त्या चित्रांचा मोह होता. त्यांच्या घरी मी पाहुणा होतो, आता ती माझ्या घरात होती. संध्याकाळी ऑफिसचं काम संपलं की मी ती जेवणाच्या टेबलावर मांडायचो, भिंग घेऊन बघायचो, आणि जेवायची वेळ झाली की तशीच बाजूच्या साइडबोर्डवर सरकवायचो. एकदा मनात असंही येऊन गेलं, की त्यांना मूलबाळ नाही, पुढे ही कुणाकडे जातील. तो विचार मी लगेच झटकला. पण आला होता.

बाबा एका संध्याकाळी माझ्या मागे येऊन उभे राहिले.

"इंग्रज गेले, कुत्री ठेवून गेले," ते म्हणाले. मग ग्रेहाउंडकडे वाकून, "याच्या बरगड्या बघ. साहेब स्वतः खात असेल, याला काही देत नसेल."

"पळायचे कुत्रे असेच असतात, बाबा."

"सरांची ना ही?"

"हो. फार जुनी आहेत. फार जपायला हवीत."

"अरे, मग अशी उघडी काय ठेवतोस? या हवेत? कागदावर तांबेरा पडलाय बघ." करड्या आभाळात खरंच तांबूस ठिपके होते. दमट हवेनं जुन्या कागदावर पडतात तसे.

"ठेवतो नीट," मी म्हणालो. आणि ठेवली नाहीत.

त्याच आठवड्यात आणखी एक गोष्ट घडली होती, ती इथे सांगायला हवी. बाबांनी आमचा नॉनस्टिक तवा तारेच्या घासणीनं घासून घासून चांदीसारखा केला होता. मी ऑफिसच्या कॉलवरून वैतागून आलो होतो. तवा बघून मी त्यांना म्हणालो, "बाबा, तुम्हाला कुणी सांगितलं होतं का? नाही ना? मग कशाला हात लावता?" त्यांनी तवा ओट्यावर ठेवला, घासणी नीट पिळली आणि खोलीत गेले. नंतरचे दोन दिवस ते स्वयंपाकघरात आले नाहीत. पाणीसुद्धा माझ्या बायकोकडे मागायचे. बायको मला म्हणाली, "त्यांच्याशी जरा चांगलं बोल. दिवसभर एकटे असतात रे. काहीतरी करावंसं वाटतं त्यांना." मी ठरवलं, आता चांगलं बोलायचं.

मग एका संध्याकाळी मी घरी आलो तर बाबा दारातच उभे. अंगावर इस्त्रीचा शर्ट. मागे धरलेला हात त्यांनी पुढे केला. हातात पॉइंटर होता. पॉइंटरवर दिव्याचा उजेड चमकत होता.

त्यांनी तो लॅमिनेट करून आणला होता.

भर उन्हात एक मैल चालत ते कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्या दुकानात गेले होते. आम्ही त्याला अजून झेरॉक्सचं दुकानच म्हणतो. काउंटरवरच्या मुलीला त्यांनी काय हवं ते सांगितलं, तिला कळलं, आणि तिनं तो यंत्रातून काढून दिला. इथे आल्यापासून घराबाहेरचं एक काम त्यांनी पहिल्यांदाच एकट्यानं केलं होतं.

"आता पाणी नाही, कसर नाही, तांबेरा नाही," बाबा म्हणाले. "पुढची शंभर वर्षं बघायला नको. म्हटलं, आधी एक करून बघू. कसं झालंय?"

पॉइंटरचा उचललेला पाय, नाक, ते आभाळ, सगळं प्लास्टिकखाली होतं. कागदातली ती खोल चौकट सपाट झाली होती. मी बाबांच्या तोंडाकडे पाहिलं. शाळेत इन्स्पेक्टर येऊन वर्ग बघून गेल्यावर ते असे दिसायचे.

"छान झालंय, बाबा," मी म्हणालो.

हे मी का म्हणालो याचा विचार मी त्यानंतर पुष्कळ केला आहे. तव्याचं मनात होतं, बायकोचं बोलणं होतं, हे खरं. पण कारण त्याहून जुनं आहे. बाबांनी आमच्या घरातला प्रत्येक महत्त्वाचा कागद लॅमिनेट केला. माझ्या गुणपत्रिका, आईचं टायपिंगचं सर्टिफिकेट, दत्ताची आरती, रेशनकार्ड. माझं इंजिनियरिंगचं डिग्री सर्टिफिकेट मिळालं त्याच दिवशी ते तालुक्याला जाऊन लॅमिनेट करून आले. पुढे इथल्या व्हिसाच्या कामाला त्याच्यावर शिक्का मारून घ्यायचा होता, तर खिडकीतल्या माणसानं ते परत केलं. लॅमिनेट केलेला कागद चालत नाही, शिक्का कुठे मारू, असं म्हणाला. मी गुपचूप विद्यापीठातून दुसरी प्रत काढली. बाबांना बोललो नाही. ते आजही पाहुण्यांना सांगतात, याचं सर्टिफिकेट मी वेळेवर लॅमिनेट केलं म्हणून हा अमेरिकेला गेला. तेव्हा एक वाक्य बोललो असतो, तर पॉइंटर वाचला असता.

आणि त्या संध्याकाळीही बाकीचे पाच वाचवता आले असते. पाचही साइडबोर्डवरच होते. पण फोल्डर उचलून आत ठेवला असता तर बाबांनी विचारलं असतं, का? म्हणून मी तो तिथेच राहू दिला. उद्या संध्याकाळी शांतपणे बसून सांगू, असं ठरवलं. सकाळी लवकर मीटिंग होती. निघताना फोल्डर दिसला, त्याच्याजवळून गेलो.

मी छान म्हणालो होतो. माझ्या बाबांना एखादं काम छान झालं म्हटल्यावर ते अर्धं ठेवतील, असं मला कसं वाटलं?

संध्याकाळी टेबलावर सहाही ओळीनं मांडलेले होते. कडा गोल कापलेल्या, मुलांच्या अभ्यासाच्या तक्त्यांसारख्या. मी सेटरच्या कोपऱ्यावर अंगठा ठेवला. गुळगुळीत. यंत्रातल्या गरम रुळांनी तो फुगवटा इस्त्री केल्यासारखा बसवून टाकला होता. चहाचा डाग तेवढा दिसत होता, काचेखाली ठेवल्यासारखा.

बायकोनं ते पाहिलं आणि ती खुर्चीवर बसली. बाबा आत गेल्यावर तिनं हळूच विचारलं, "त्यांना माहीत आहे?"

"नाही."

"आणि अंकलना?"

"नाही."

"सांग. आजच सांग दोघांनाही."

"सांगतो ना यार. आधी बघू तर दे, निघतंय का ते."

जुने कागद दुरुस्त करणाऱ्या एका बाईंना मी फोन केला. त्या एका म्युझियमचं काम करायच्या. मी सगळं सांगितलं. त्यांनी विचारलं, रंग हातानं भरलेत? हो म्हटल्यावर त्यांनी पुढचं काही विचारलं नाही. मग म्हणाल्या, प्लास्टिक सोडवायला जे औषध लागेल त्यानं रंग वाहून जातील, आणि उष्णतेनं बसलेला कागद पुन्हा उठत नाही. "आय अ‍ॅम सो सॉरी," त्या म्हणाल्या. घरातलं कुणी गेल्यावर म्हणतात तसं.

त्यानंतर मी काहीच केलं नाही. गृहस्थांचा फोन यायचा, "पोरं नीट आहेत ना?" मी म्हणायचो, आहेत. खोलीचा रंग झाला. मी म्हटलं, या आठवड्यात जरा काम आहे. पुढच्या आठवड्यात म्हटलं, मला सर्दी आहे, तुम्हाला नको लागायला. बायको रोज माझ्याकडे बघायची, मी लॅपटॉपकडे बघायचो. शेवटी एका रविवारी बाबाच चिडले.

"अरे, त्या माणसाची वस्तू आहे. किती दिवस ठेवतोस? काम झालंय, आता नेऊन दे. मीही येतो. सरांना दाखवायचंय मला."

"बाबा, तुम्ही नका येऊ. लांब आहे."

"वीस मिनिटं लांब? मी पुण्याहून नगरला उभ्यानं जायचो."

गाडीत फोल्डर त्यांनी मांडीवर घेतला आणि त्यावर दोन्ही हात ठेवले. हायवेला लागल्यावर त्यांनी विचारलं, लॅमिनेशनला इंग्रजीत काय म्हणतात? मी म्हटलं, लॅमिनेशनच. "बरं झालं," ते म्हणाले, "सोपं आहे." तेवढ्या वीस मिनिटांत मला सांगता आलं असतं. मी दोनदा तोंड उघडलं. एकदा म्हटलं, एसी कमी करू का. दुसऱ्यांदा म्हटलं, पुढच्या वळणाला आलंच.

वृद्धाश्रमाच्या खोलीत नव्या रंगाचा वास होता. खिडकीपाशी एक लहान गोल टेबल आणि दोन खुर्च्या. गृहस्थांनी आमच्या पावलांवरूनच ओळखलं. "टीचर," ते म्हणाले आणि बाबांचा हात हातात घेतला. आश्रमातल्या एका बाईला त्यांनी चहा आणायला सांगून ठेवलं होतं. रविवार होता.

बाबांनी फोल्डर टेबलावर ठेवून दोरी सोडली. "सर," ते म्हणाले, "सरप्राइझ."

गृहस्थांनी हसत हात पुढे केला. बोट टेकलं आणि सरकलं. पुन्हा टेकलं. कड शोधायला ते डावीकडे गेलं, टेबलाच्या लाकडावर उतरलं, परत वर आलं. त्यांनी ते चित्र बाजूला ठेवलं आणि दुसरं घेतलं. मग तिसरं. मी दाराशीच उभा होतो. मला वाटलं, कुणीतरी आत यावं, फोन वाजावा. कोणता सेटर हे त्यांना कळत नव्हतं. प्रत्येकाचा खालचा कोपरा ते अंगठ्यानं चाचपत होते. सहाही झाल्यावर पुन्हा पहिल्यापासून.

"यावर काय आहे?" त्यांनी विचारलं.

"लॅमिनेशन, सर," बाबा म्हणाले. "नो वॉटर. नो इन्सेक्ट. हंड्रेड इयर्स."

गृहस्थांचा अंगठा कोपऱ्यावरून पुन्हा एकदा फिरला. मग त्यांनी चेहरा माझ्या दिशेनं वळवला. मी जिथे उभा होतो तिथे बरोबर नाही, जरा बाजूला.

"मला तिचा कोपरा सापडत नाहीये," ते म्हणाले. "आता मला यांच्यात काहीच सापडत नाही."

एवढं इंग्रजी बाबांना येत होतं. त्यांनी गृहस्थांचा अंगठा पाहिला, तो अजून त्या कोपऱ्यावर फिरत होता. त्यांच्या चेहऱ्यावरचं हसू लगेच गेलं नाही, तिथेच राहिलं आणि हळूहळू त्यात काही उरलं नाही. मग त्यांनी मागे वळून माझ्याकडे पाहिलं. मला वाटतं, त्या क्षणी माझ्या तोंडावर आश्चर्य असतं तर बरं झालं असतं. ते नव्हतं.

"तुला माहीत होतं," बाबा म्हणाले. तो प्रश्न नव्हता.

ते खुर्चीवरून उठले. गृहस्थांसमोर त्यांनी हात जोडले. मग त्यांना दिसत नाही हे लक्षात येऊन त्यांचा हात दोन्ही हातांत घेतला. "माय मिस्टेक, सर. माय मिस्टेक." गृहस्थ म्हणाले, "नाही टीचर, तुम्ही चांगल्याच मनानं केलंत." ते खरंच तसं म्हणाले, रागानं नाही. पण मला ते काही म्हणाले नाहीत. चहा आला. तो कुणी घेतला नाही. आम्ही निघताना त्यांनी चित्रं चाचपून फोल्डरमध्ये भरली, दोरी बांधली आणि फोल्डर टेबलावरून माझ्याकडे सरकवला.

"घेऊन जा. ज्याला डोळे आहेत त्यानं ठेवावीत."

मी नको म्हणालो. दोनदा म्हणालो. त्यांनी हात मागे घेतला होता. माझ्या मनात कधीतरी आलेली गोष्ट अशी खरी झाली.

परतताना फोल्डर मागच्या सीटवर होता. बाबा बराच वेळ बाहेर बघत होते. मग म्हणाले, "मी पहिलं चित्र आणलं, तेव्हाच तुला कळलं होतं?"

"हो."

"आणि तू छान म्हणालास."

"बाबा, तुम्हाला वाईट वाटेल म्हणून. तव्याच्या वेळी मी..."

"तव्याच्या वेळी तू बोललास ते बरोबर होतं. तवा गेला होता. मला राग आला, पण मी दुसरा तवा घासला नाही." त्यांनी मागच्या सीटवरच्या फोल्डरकडे पाहिलं. "शाळेत चूक दिसली की मी पोराला उभं करायचो. ओरडायचो. वही परत लिहायला लावायचो. पण दोन-चार पोरं असायचीच, ज्यांच्यावर वेळ घालवून उपयोग नाही असं माझं मत झालेलं. त्यांच्या वहीवर मी न वाचता 'छान' लिहायचो. ती पोरं खूश होऊन जायची."

मी काहीतरी म्हणालो. काय ते मला आठवत नाही. त्यांनी ते ऐकलं नाही.

गृहस्थांना मी नंतर फोन केले. ते उचलतात, हवापाण्याचं बोलतात. पोरं कशी आहेत हे विचारत नाहीत. एका रविवारी मी एकटाच भेटायला गेलो, तर ते खिडकीपाशी बसले होते आणि समोरच्या गोल टेबलावर काही नव्हतं. त्यांचे हात टेबलावर पालथे ठेवलेले होते. मी थोडा वेळ बसलो. माफी मागितली. ते म्हणाले, "मला माहीत आहे तुला वाईट वाटतंय." फोल्डर आमच्या कपाटाच्या वरच्या फळीवर आहे. मी तो उघडत नाही.

बाबा घरात आहेत. ते रागावलेले नाहीत, रागावले असते तर मला कळलं असतं काय करायचं. ते सगळं विचारून करतात. हा नळ सुरू करू का? या खुर्चीवर बसलं तर चालेल ना? फिरायला जातात, पण रस्त्याच्या टोकापर्यंत जाऊन परत येतात. मी काही छान म्हटलं, की मान हलवतात आणि मग माझ्या तोंडाकडे बघत राहतात. खाली वेगळं काही लिहिलंय का, हे वाचत असल्यासारखे.

परवा बायकोनं त्यांना आग्रह करून स्वयंपाकघरात नेलं. त्यांनी पिठलं केलं, आई करायची तसं, लसणाची फोडणी वरून घालून. मी पहिला घास घेतला.

"मीठ?" बाबांनी विचारलं.

"बरोबर आहे, बाबा." ते खरोखर बरोबर होतं. इतकं चांगलं पिठलं मी आई गेल्यापासून खाल्लं नव्हतं, आणि मी तेही म्हणालो.

बाबा थोडा वेळ माझ्याकडे बघत राहिले. मग ते उठले, ओट्यापाशी गेले, चमच्यानं कढईतलं थोडं पिठलं तळहातावर घेऊन चाटून पाहिलं. तेवढ्यानं त्यांची खात्री झाली नाही. हात तसाच धरून ते माझ्या बायकोकडे वळले.

"तू सांग गं," ते म्हणाले. "खरं सांग."

"बरोबर आहे, बाबा," ती म्हणाली.

तेव्हा ते जेवायला बसले.